फाल्गुनाला हरकत नव्हती

“मग फाल्गुनात जाऊ,” मी म्हणाले आणि यांच्या ताटात दुसरी भाकरी वाढली.

हे घास घेता घेता थांबले. “फाल्गुनात?”

“होळी झाली की लगेच. थंडी गेलेली असते, ऊन अजून चढलेलं नसतं. पाऊस नाही, धुकं नाही. आता तुम्हीच सांगा, फाल्गुनात काय वाईट आहे?”

यांनी पेला उचलला, पाणी प्याले, पेला खाली ठेवला. फाल्गुनात काय वाईट आहे ते यांना काही केल्या आठवेना. मला हसू आवरत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस पहिल्यांदाच माझ्या तावडीत सापडला होता.

आमचे हे म्हणजे पुरुषोत्तम बागूल. नाशकातल्या डोंगर चढणाऱ्या मंडळींमध्ये ‘बागूल सर’. सर कशाचे, तर कशाचेच नाहीत. सातपूरला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पण यांनी डोंगरावर नेलेली पोरं सर म्हणायला लागली आणि ते चिकटलं ते चिकटलंच. कोणत्या गडावर कोणत्या दिवसांत जावं हे विचारायला लोक घरी येत. मी चहा टाकी आणि हे बैठकीत बसून सांगत. कारवी बघायची तर अमुक घाट, काजवे बघायचे तर तमुक जंगल, आणि तेही पाऊस टेकायच्या आधी. चंद्राईगड तर यांच्या घरचाच. त्याच्यावर यांनी लोकांना आषाढात नेलं, पौषात नेलं, पौर्णिमेला नेलं, अवसेला नेलं. नेलं नाही ते फक्त मला.

तसं ‘नाही’ असं तोंडानं कधी म्हणाले नाहीत. पावसात नको, निसरडं असतं. गणपतीनंतर फुलं असतात, पण गर्दी फार, बायामाणसांची अडचण होते. दिवाळीत तू फराळात अडकलेली. थंडीत तुझा खोकला उसळतो. वैशाखात तर डोकं फिरेल असं ऊन. असा बाराही महिन्यांचा चोख बंदोबस्त होता. मीही काही मोकळी नव्हते म्हणा. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं सगळं अंथरुणातच. शनिवारी पहाटे हे सॅक पाठीला लावून निघत तेव्हा मी त्यांची चादर बदलत असे, आणि रविवारी संध्याकाळी परत येत तेव्हाही बहुतेक वेळा तेच करत असे. 

पण आता सासूबाई गेल्या होत्या, मुलीचं लग्न झालं होतं आणि हे निवृत्त झाले होते. माझे गुडघे बोलायला लागले होते. आता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं. गडाचं वेड मला कधीच नव्हतं. मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, की आम्हाला सगळ्यांना मागे टाकून हा माणूस जातो तिथे असं आहे तरी काय. ते बघितलं असतं म्हणजे माझ्या मनातली एक जुनी ठसठस थांबली असती. दुसरं काही मागणं नव्हतं.

“फाल्गुनात वणवे लागतात,” दुसऱ्या दिवशी चहा पिताना हे म्हणाले. रात्रभर शोधून काढलेलं दिसत होतं.

“वणवा दिसला तर मागे फिरू.”

“रानात पाणी नसतं.”

“मी घेईन पाठीवर.”

“कमल, सगळ्याचा एक हंगाम असतो. तुला कळत नाही. वाट कोरडी झाली की मुरूम पायाखालून सटकतो...”

“नाचता येईना, अंगण वाकडं!” मी चेष्टेनं म्हणाले.

यांचा चेहरा एकदम उतरला. चहा अर्धा टाकून हे उठले, चपला घातल्या आणि दुपारपर्यंत घरी आले नाहीत. माझं काय चुकलं ते मला कळलं नाही. घरात अशा म्हणी आम्ही उठता बसता एकमेकांच्या तोंडावर मारत होतो. आले ते पेरू घेऊन आले, आणि म्हणाले, “रंगपंचमी झाली की शनिवारी जाऊ.”

मग मी इमारतीचे जिने रोज चढायला लागले. शेजारणी विचारत, तर सांगे, “गडावर जायचंय.” हे मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालले. मला वाटलं, बायकोला सांभाळून न्यायचं म्हणून जिवावर आलंय. गेली काही वर्षं हे एकटेच जात. ‘गर्दीत डोंगर कळत नाही,’ असं म्हणत. त्या एकांतात मी घुसतेय, याचा राग असावा. असेना का! मी थेपले केले, मूगडाळीचे लाडू केले आणि मुलीचे जुने बूट कापूस कोंबून पायात बसवून घेतले.

एसटीनं आम्हाला माळवाडीच्या फाट्यावर सोडलं तेव्हा ऊन कोवळं होतं. गड समोरच होता. पिवळ्या वाळलेल्या गवतातून वर आलेला काळा कातळ. मध्ये मध्ये पळस पेटलेले. मी बघत उभी राहिले. हे चालायलाही लागले होते.

गावात शिरल्यावर पहिलंच घर चांगुणाबाईंचं. यांच्या तोंडून नाव खूपदा ऐकलेलं. म्हातारी ओट्यावर नागलीचं पीठ चाळत होती. यांना बघून हसली, मग मागे मला बघून उठूनच उभी राहिली.

“बाई आल्या का! आणल्या शेवटी सरांनी!”

तिची सून मंजुळा आतून आली. यांना बघितलं, तशी काही न विचारता परत आत गेली आणि घोंगडी घेऊन आली. ओट्याच्या कोपऱ्यात, खांबाशी, ती घोंगडी अंथरली. वर एक उशी ठेवली. उशीला अभ्रा धुतलेला होता.

“आज नको,” हे घाईनं म्हणाले. “आज वर जायचंय.”

सासू-सुनेनं एकमेकींकडे बघितलं.

“वर?” चांगुणाबाई म्हणाल्या. “बरं बरं. जा की. मंजुळाला देवीला दिवा लावायला जायचंच आहे, तिच्यासंगं जावा. घाई नका करू मंग.”

मला वाटलं, उतरून आल्यावर पाठ टेकायची यांची नेहमीची जागा असेल ती. काळा चहा घेतला आणि निघालो.

खिंडीपर्यंतची चढण उभी होती, पण वाट रुंद. हे पुढे, मी मध्ये, मंजुळा मागे. यांची चाल बघून मला आपलं बरं वाटलं. घरात पाय ओढत चालणारा माणूस इथे पावलं कशी मोजून टाकत होता! “श्वास नाकानं घे. बोलू नकोस. टाच टेकव,” असं मागे न बघता सांगत होते. माझ्या छातीचा भाता झाला होता, पण मी खूश होते. मनात म्हटलं, एवढ्याशा चढणीसाठी मला इतकी वर्षं थांबवलं?

खिंडीत शेंदूर फासलेला एक दगड होता आणि उंबराचं झाड. तिथून पुढे वाट वळून कड्याच्या पोटाला लागत होती. डावीकडे कातळ, उजवीकडे काहीच नाही. खाली, फार खाली, एक वाळलेला ओढा. गावात या वाटेला ‘आडवी वाट’ म्हणतात. ती पार केली की मग पायऱ्या आणि माथा.

हे वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. बांधली. सोडली. परत बांधली. 

“चला ना,” मी म्हणाले.

“तू हो पुढे. मंजुळा आहे.”

“आणि तुम्ही?”

हे दगडाशेजारी खाली बसले. मंजुळा उगाच लांब जाऊन उंबराखाली उभी राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती आता काय होणार ते आधीच जाणून होती.

“मला येत नाही इथून पुढे,” हे म्हणाले.

“म्हणजे काय? बरं वाटत नाहीय का?”

“बरं आहे. येत नाही म्हणजे येत नाही. शरद गेल्यापासून.”

शरद गोसावी यांच्या कारखान्यातला, यांच्या जोडीचा. सहा वर्षांपूर्वी श्रावणात याच गडावर पाय घसरून गेला होता. तेव्हा यांनी घरी येऊन एवढंच सांगितलं होतं, “शरद गेला.” मग तेराव्याला गेलो, त्याच्या बायकोला भेटलो, आणि पुढच्या महिन्यात यांनी सॅक उचलली तेव्हा मी मनातून चरकले होते. लोक मात्र म्हणाले होते, बागूल सर म्हणजे पोलादी माणूस!

“माझ्या पुढे चालत होता,” हे म्हणाले. “भाजीचं काहीतरी बोलत होता. त्याच्या परसात दोडके लागले होते. मी खाली बघून पाऊल टाकलं आणि वर बघितलं तर तो नव्हता. ओरडलासुद्धा नाही गं.”

यांनी बुटाची नाडी परत ओढून घट्ट केली.

“पुढच्या महिन्यात परत आलो. इथवर आलो आणि पाय लटपटायला लागले. त्याच्या पुढच्या महिन्यात पण तेच. मग खिंडीतपण येईनासा झालो.”

“मग दर शनिवारी जाता कुठे?”

“चांगुणाबाईच्या ओट्यावर.”

“सहा वर्षं?”

“बसतो. गडाकडे बघतो. झोपतो. ती भाकरी देते. रविवारी दुपारची एसटी धरतो.”

मला आधी आठवली ती कुसळं. पूर्वी यांच्या पँटीतून कुसळं उपसून काढायला माझा अख्खा सोमवार जाई. मग हळूहळू ते काम बंद झालं. मला वाटलं होतं, नवी पँट चांगल्या कापडाची आहे.

आणि मग राग आला. असा राग मला आयुष्यात त्याआधी आला नव्हता आणि पुढेही कधी आला नाही. “तुम्ही इथे ओट्यावर झोपत होता,” मी म्हणाले, “आणि मी तिकडे आईंच्या पाठीला फोड येऊ नयेत म्हणून रात्रभर त्यांना कुशीवर वळवत होते. तुम्ही डोंगरावर आहात म्हणून मी कधी एका शब्दानं बोलले नाही. त्यांना डोंगर लागतोच, असं मी लोकांना सांगत होते. अहो, झोपायचंच होतं तर घरी झोपायचं होतं!”

“घरी कसा झोपणार?” हे म्हणाले. “घरी सगळे सर म्हणतात.”

इतकी दमले होते मी त्या क्षणी, खिंडीच्या चढणीनं नव्हे, सगळ्यानंच. वाटलं, आपणही या दगडापाशी बसावं आणि उतरूच नये. पण बसले असते तर परत घरी जाऊन तेच, आषाढ-श्रावण-भाद्रपद, आणि चंद्राईगड तिथेच. मी थेपल्यांची पिशवी यांच्या मांडीवर ठेवली. मंजुळाला म्हटलं, “चल गं.”

आडवी वाट मी कशी पार केली ते मला आजही सांगता येत नाही. मंजुळा पुढे होती, अनवाणी. “कातळाकडं तोंड करा बाई. खाली नका बघू. माझ्या पायाकडं बघा,” असं ती म्हणत राहिली आणि मी तिच्या टाचांवरच्या भेगा बघत बाजूबाजूनं सरकत राहिले. मधोमध एका ठिकाणी माझे हात कातळाला चिकटल्यासारखे झाले. शरद इथूनच गेला का, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. मंजुळा थांबली, माझ्या हातावर हात ठेवला आणि तिच्या शेळीला व्यायला किती त्रास झाला ते सांगायला लागली. शेळी व्याली तोवर वाट संपली होती.

वर काही नव्हतं.

म्हणजे देवीचं पडकं देऊळ होतं, पाण्याचं एक टाकं होतं आणि तेही आटलेलं, तळाशी हिरवा चिखल. ढासळलेली तटबंदी आणि वारा. मंजुळानं दिवा लावला, वाऱ्यानं विझवला, तिनं परत लावला. मी एका चिऱ्यावर बसले आणि चारी बाजूंना बघितलं. डोंगरामागे डोंगर, उन्हात धुरकट झालेले. एवढंच. मला वाटलं होतं, हे बघितलं की कळेल, हा माणूस घरातून का जातो. पण ते इथे नव्हतंच. ते खाली ओट्यावर, धुतलेल्या अभ्र्याच्या उशीवर होतं, आणि सकाळी मी त्याच्या शेजारून चहा पिऊन पुढे निघाले होते. मला रडू आलं. मंजुळानं पाठ फिरवून दिव्याची वात नीट केली.

परत निघालो तेव्हा ऊन तापलं होतं. आडव्या वाटेच्या वळणावर मंजुळा गपकन थांबली. “बाई,” ती हळू म्हणाली, “सर.”

हे वाटेवर होते. खिंडीपासून बरेच आत आलेले. पाठ कातळाला, दोन्ही हात पसरून कातळ धरलेला, डोळे मिटलेले. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. थेपल्यांची पिशवी मनगटाला लटकत होती.

“अहो.”

“पुढे येऊ नकोस,” डोळे न उघडता म्हणाले. “तू पडशील.”

“आलात कशाला?”

“तू येईनास. हाक मारली. ऐकू येत नव्हतं का?”

“वर वारा होता.”

“मला वाटलं...”

मंजुळा मला वाट देण्यासाठी कातळाला चिकटली. तिला ओलांडून मी यांच्यापर्यंत पोहोचले. कशी, ते त्या देवीला ठाऊक. यांचं मनगट धरलं.

“वळा. तोंड कातळाकडे करा.”

“नाही होत.”

“होतं. मी धरलंय. आधी हा हात. आता खांदा. हं.”

हे वळले. कपाळ कातळाला टेकवून उभे राहिले. ज्यानं अर्ध्या नाशकाला डोंगर चढायला शिकवलं, त्याला मी, सकाळी पहिल्यांदा बूट घातलेली बाई, सांगत होते, “डावा पाय सरकवा. नुसता सरकवा, उचलू नका. आता उजवा. खाली बघायचं नाही, माझ्या हाताकडे बघा. डावा.” आणि हे ऐकत होते. मध्येच म्हणाले, “कमल, तू पडशील म्हणून तुला कधी आणलं नाही असं नाही गं.”

“माहितीय. उजवा.”

“आधी सवड नव्हती, तेही खोटंच. मला एकट्याला यायला आवडायचं. आणि मग तू बघशील म्हणून.”

“बघितलं आता. डावा पाय सरकवा.”

खिंडीत आल्यावर हे उंबराखाली आडवे झाले. मी शेजारी बसले. मंजुळानं पिशवीतले थेपले काढून तिघांना वाटले. माझा राग गेला नव्हता, पण तो धरून ठेवायला अंगात त्राण नव्हतं. चांगुणाबाईंच्या ओट्यावर पोहोचल्यावर त्या कोपऱ्यातल्या घोंगडीवर मीच अंग टाकलं आणि उशी माझ्या डोक्याखाली घेतली. हे खांबाला टेकून बसून राहिले.

दुपारच्या एसटीसाठी फाट्यावर आलो तेव्हा समोरून एक जीप आली. सहा-सात पोरं उतरली, पाठीवर सॅका, दोऱ्या. यांना बघून त्यांच्यात एकच गलका झाला. “बागूल सर! अरे, सर आहेत!” एकानं तर वाकून नमस्कार केला. यांच्या मंडळातलीच पोरं, गडावर मुक्कामाला निघालेली.

“सर, वरूनच येताय ना?” त्यांचा पुढारी म्हणाला. “आमच्यात भांडण चाललं होतं, की या दिवसांत यावं की दिवाळीनंतर. आता तुम्हीच सांगा. वर कसं आहे?”

हे नेहमीसारखे ताठ उभे राहिले. मी दुसरीकडे बघायला लागले. सांगू देत, म्हटलं, सांगतील जुन्या आठवणीतून, आणि मी मान हलवीन. ती मान हलवायची माझी तयारी होती. इतकी वर्षं हलवलीच होती.

“मला माहीत नाही,” हे म्हणाले.

पोरं हसली. त्यांना गंमत वाटली.

“खरंच माहीत नाही. सहा वर्षांत मी आडव्या वाटेच्या पलीकडे गेलेलो नाही. शरद पडला तेव्हापासून भीती वाटते मला. खाली गावात बसून असतो.” आवाज बारीक झाला, पण थांबले नाहीत. “आज गेलो तर मधेच अडकलो. हिनं काढलं मला. वर ही गेली होती. हिला विचारा.”

पोरांची तोंडं पाहण्यासारखी झाली. कोणी बुटाकडे बघायला लागलं, कोणी जीपकडे. पुढारी तेवढा माझ्याकडे वळला. त्याला काय म्हणून हाक मारावी ते कळेना.

“बाई... वर कसं आहे?”

मी यांच्याकडे बघितलं. हेही माझ्याकडेच बघत होते, त्या पोरांसारखेच, सांगेन ते ऐकायला.

“टाकं आटलंय,” मी म्हणाले. “पाणी गावातूनच भरून न्या.”